बर्नेजची शाळा

मँचेस्टर हे नाव आपल्याकडे कापडाबरोबर आले. इचलकरंजीला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणण्याची पद्धत अजून गेलेली नाही. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागवाल्यांच्या घरांतही हे नाव एखाद्या दूरच्या, श्रीमंत आणि काहीशा निर्दयी भाऊबंदाचे घ्यावे तसे घेतले जाते. या लेखात मात्र कापड फारसे येणार नाही. मँचेस्टर शहराच्या दक्षिणेला बर्नेज नावाचे उपनगर आहे. तिथल्या मुलांच्या एका मोठ्या माध्यमिक शाळेची ही हकीकत आहे.

शाळेचा इतिहास म्हटला की संस्थापकांच्या तसबिरी, निकालांची टक्केवारी आणि नामवंत माजी विद्यार्थ्यांची यादी असा ऐवज आपल्याला अपेक्षित असतो. बर्नेजच्या शाळेकडे तोही आहे. पण 17 सप्टेंबर 1986 रोजी त्या शाळेच्या मैदानात अहमद इक्बाल उल्लाह नावाचा 13 वर्षांचा मुलगा मारला गेला आणि त्या शाळेचा इतिहास केवळ तिचा राहिला नाही. अहमदचे घराणे मूळचे बांगलादेशातल्या सिल्हेटचे. त्याच्या मृत्यूनंतर जी चौकशी झाली तिच्याइतकी प्रामाणिक चौकशी आम्ही फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे. आणि तिच्याइतका विपर्यासही फार थोड्या अहवालांच्या वाट्याला आला असेल. मराठीत याविषयी काही लिहिलेले आमच्या पाहण्यात नाही, म्हणून हा प्रपंच.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बर्नेज हे खेडेच होते. 1904 साली ते मँचेस्टर शहरात सामील झाले. त्याच दशकात तिथे सहकारी तत्त्वावर एक 'उद्यानग्राम' उभे राहिले. छोटी घरे, पुढेमागे बाग, मध्ये खेळाचे हिरवळीचे मैदान. गिरण्यांच्या धुरात राहणाऱ्या कारकून-कारागीर वर्गाला मोकळी हवा मिळावी, ही त्यामागची कल्पना होती. पुढे पहिले महायुद्ध संपल्यावर महापालिकेने दक्षिणेकडे मोठ्या प्रमाणावर घरे बांधली, किंग्जवे नावाचा रुंद रस्ता काढला, आणि खेड्याचे उपनगर झाले. वस्ती आली म्हणजे शाळा येणारच. 1932 साली मुलांचे हायस्कूल सुरू झाले.

1944 च्या शिक्षण कायद्यानंतर इंग्लंडात माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत झाले, पण वयाच्या अकराव्या वर्षी मुलांची चाळणी होऊ लागली. गणित, इंग्रजी आणि बुद्धिमापन अशी ती परीक्षा असे. त्यात वर आलेली, देशभरात साधारण चौथा-पाचवा हिस्सा मुले 'ग्रामर' शाळेत जात. उरलेल्यांसाठी दुसऱ्या शाळा असत, आणि तिथे गेलेल्याला आपण नापास झालो हे कोणी सांगावे लागत नसे. बर्नेजची शाळा ग्रामर गटातली होती. शेजारच्या लेव्हन्शूम भागात, रेल्वेच्या रुळांलगत राहणाऱ्या एका कामगार कुटुंबातला नॉर्मन फॉस्टर हा मुलगा तिथे शिकला आणि सोळाव्या वर्षी शाळा सोडून मँचेस्टरच्या टाउन हॉलमध्ये कारकुनीला लागला. पुढे तो जगातला एक मोठा वास्तुशिल्पी झाला. बर्लिनच्या संसदेवरचा काचेचा घुमट त्याचाच. ग्रामर शाळांच्या बाजूने बोलणारे अशी नावे नेहमी पुढे करतात, आणि ती खोटी नसतात. फक्त त्याच गल्लीतून दुसऱ्या शाळेत गेलेल्या मुलांची नावे कोणापाशी नसतात.

1967 साली मँचेस्टरने ही चाळणी बंद केली. सरकारचे धोरण 1965 सालीच बदलले होते. आता परिसरातली सर्व मुले, हुशार-मठ्ठ, गरीब-सुखवस्तू, एकाच शाळेत येणार होती. अशा सर्वसमावेशक शाळा मोठ्याच असाव्या लागत. त्याचे कारण साधे होते. सोळा वर्षांनंतर पुढचे शिकणारी मुले थोडी असत; त्यांच्यासाठी वेगवेगळ्या विषयांचे वर्ग चालवायचे तर खाली मुलांचा भरणा हवा. म्हणून शाळा वाढल्या, एकात दुसरी मिळवली गेली, एकाच शाळेच्या दोन इमारती दोन ठिकाणी अशी व्यवस्था झाली. बर्नेजमध्ये हेच झाले. वरचे वर्ग एकीकडे, खालचे दुसरीकडे. मुलींना प्रवेश नव्हता. जी शाळा निवडक मुलांसाठी, शिस्तीच्या आणि परीक्षेच्या बळावर चालत होती, तिच्यावर एका दशकात सबंध उपनगराचा भार आला. शिक्षक मात्र बरेचसे जुन्याच घडणीचे होते.

आणि उपनगरही बदलत होते.

इथे आमच्या कोकणातल्या वाचकांना एक जुनी ओळख पटावी. ब्रिटिश आगबोटींवर डेकवरचे खलाशी आणि सारंग मुंबईहून भरती होत. त्यांत रत्नागिरी-कुलाब्याच्या किनाऱ्यावरचे आमचे लोक पुष्कळ. तसेच कलकत्त्याहून भरती होणाऱ्यांत सिल्हेटी फार. ते बोटीच्या पोटात, इंजिनखोलीत, भट्टीत कोळसा टाकण्याचे काम करीत. त्यांना आगवाले म्हणत. डेकवरचा वारा खाणाऱ्यापेक्षा भट्टीसमोरच्या माणसाला बोट सोडून पळण्याचा मोह अधिक होणार हे उघड आहे. लंडनच्या गोदीत, मग इतर शहरांत सिल्हेटी उतरले, खाणावळींतून राबले आणि टिकले. 1948 च्या राष्ट्रीयत्व कायद्याने राष्ट्रकुलातल्या माणसांना इंग्लंडात येण्याचा हक्क मान्य केला. दुसरीकडे पाकिस्तानव्याप्त काश्मीरमधील मीरपूर भागात 1960 च्या दशकात मंगला धरण बांधले गेले. त्यात घरेदारे गेलेल्यांतले अनेकजण उत्तर इंग्लंडच्या गिरण्यांत आले. गोऱ्या कामगारांना नको असलेली रात्रपाळी त्यांच्या वाट्याला आली. 1962 आणि 1971 च्या कायद्यांनी येण्याचे दरवाजे क्रमाने आवळले गेले. परिणाम उलटाच झाला. एकटे राहून पैसे पाठवणाऱ्या पुरुषांनी, पुढे वाट बंद होईल या धास्तीने, बायकामुलांना बोलावून घेतले. 'चार वर्षे कमवू आणि गावी परत जाऊ' हे मनातले वाक्य हळूहळू मागे पडले. मुले शाळेत जाऊ लागली की माणूस त्या मुलखाचा होतो.

मँचेस्टरात कॅरिबियन बेटांवरून आलेले लोक मॉस साइडला, पाकिस्तानी आणि बांगलादेशी लाँगसाइट, रशोम, लेव्हन्शूम या भागांत स्थिरावले. यांतली बरीच मुले बर्नेजच्या शाळेत येऊ लागली. गोरी मुले बहुतांश महापालिकेच्या घरांत राहणाऱ्या कामगार कुटुंबांतली. नेमक्या याच काळात मँचेस्टरचे कारखाने एकामागून एक बंद पडत होते. ज्या कामासाठी एकाचा बाप साता समुद्रापलीकडून आला आणि ज्या कामावर दुसऱ्याच्या आजोबांची उमर गेली, ते काम दोघांच्याही मुलांसाठी उरले नव्हते. 1981 च्या जुलैत मॉस साइडमध्ये दंगल झाली. शाळेच्या भिंती हे सगळे बाहेर थोपवू शकत नव्हत्या.

सरकारी धोरणही या वीस वर्षांत तीन वेळा कूस बदलत गेले. 1965 साली सरकारने सल्ला दिला की कोणत्याही शाळेत परदेशातून आलेल्या कुटुंबांची मुले एकतृतीयांशाहून अधिक होऊ देऊ नका. जास्त झाली तर इतरत्र पांगवा. साउथहॉल आणि ब्रॅडफर्डमध्ये छोटी छोटी आशियाई मुले रोज बसमध्ये घालून दूरच्या शाळांत नेली जात. गोऱ्या मुलांना कोणी बसमध्ये बसवले नाही. मग आले बहुसांस्कृतिक शिक्षण. साडी, समोसा आणि कॅरिबियन ढोल, अशी त्याची टिंगल पुढे त्याच्या मित्रांनीच केली. ईदच्या दिवशी भिंतीवर चांदताऱ्याचे चित्र लावायचे आणि उरलेले वर्षभर मधल्या सुट्टीत काय चालते इकडे बघायचे नाही, असा तो मामला होता. आपल्याकडच्या शाळांतल्या सर्वधर्मसमभावाच्या स्नेहसंमेलनाशी वाचकांनी तो ताडून पाहावा. तिसरा टप्पा 'वंशवादविरोधी' शिक्षणाचा. प्रश्न संस्कृतीच्या ओळखीचा नाही, सत्तेचा आहे. शाळेनेच वंशवादाविरुद्ध उभे राहिले पाहिजे, हे त्याचे म्हणणे. 1985 सालच्या स्वान समितीच्या अहवालाने सर्वांसाठी शिक्षणाचा आग्रह धरला. त्याच सुमारास ब्रॅडफर्डच्या एका मुख्याध्यापकाने आशियाई पालकांविषयी आणि या नव्या धोरणाविषयी इतके कडवट लिहिले की पालकांनी मुले शाळेतून काढली आणि वर्षाअखेर त्यांना निवृत्त व्हावे लागले. वातावरण असे तापलेले होते. मँचेस्टरची महापालिका 1984 पासून मजूर पक्षातल्या डाव्या गटाच्या हाती होती आणि वंशवादविरोध हे तिचे जाहीर ब्रीद होते.

बर्नेजच्या शाळेनेही वंशवादविरोधी धोरण स्वीकारले. हे वाक्य आम्ही मुद्दाम साधेपणाने लिहितो आहोत, कारण पुढे याच वाक्यावरून रण माजले. ज्यांनी ते धोरण आणले त्यांचा हेतू वाईट नव्हता. आपल्या मुलांना रोज शिव्या पडतात, मारहाण होते, ही गोष्ट नाकारणाऱ्या शाळांच्या तुलनेत ती मान्य करणारी शाळा केव्हाही बरी. पण ती मुलांची शाळा होती, मोठी होती, आणि तिच्यात दांडगाईला मान होता. जो आडदांड तो मोठा. सरकारी शाळांतली छडी इंग्लंडात कायद्याने बंद झाली ती 1987 साली. काही महापालिकांनी ती आधीच सोडली होती. पण छडी गेली म्हणून धाकाची सवय जात नाही. शिक्षकांची ती जात नाही, मुलांचीही नाही. धोरणाचा कागद या हवेत फिरत होता.

अहमद उंचपुरा, मनाने धीट मुलगा होता असे त्याला ओळखणारे सांगत आले आहेत. त्याच्याहून लहान आशियाई मुलांना एक गोरा मुलगा त्रास देत होता. अहमद मध्ये पडला. दुसऱ्या मुलाचे वयही 13 च होते. 17 सप्टेंबरच्या सकाळी त्याने अहमदला सुऱ्याने भोसकले आणि अहमद गेला. मारल्यानंतर त्या मुलाने मोठ्याने जे सांगितले त्यात अहमदचे नाव नव्हते. पाकिस्तानी या शब्दाला तोडून इंग्लंडात जी शिवी बनवली आहे, ती होती. अहमदचे कुटुंब ज्या देशाचे, तो तर 1971 साली पाकिस्तानपासून रक्त सांडून वेगळा झालेला. पण रस्त्यावरच्या शिवीला इतिहास-भूगोल ठाऊक नसतो. आपल्याकडेही कोकणी, दखनी, मोमीन, बागवान, पिंजारी हे भेद आपल्यापुरते; ओरडणाऱ्याच्या लेखी एकच शब्द पुरतो.

मारणाऱ्या मुलाचे नाव आम्ही इथे देत नाही. तो तेव्हा कोवळ्या वयाचा होता आणि न्यायालयाने त्याला खुनाबद्दल दोषी ठरवले. त्याचा न्याय तिथे झाला.

आता त्या घटनेकडे येऊ, जी वाचून आम्ही बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. अहमदच्या अंत्ययात्रेला शाळेतून मुले गेली. आशियाई गेली, आफ्रिकी-कॅरिबियन गेली. गोऱ्या मुलांना जाऊ दिले गेले नाही. तणाव वाढू नये, काही विपरीत घडू नये, अशी भीती त्यामागे असावी; ती समजू शकते. तरी या निर्णयाचा अर्थ काय झाला? त्या गोऱ्या मुलांत अहमदच्या वर्गातली मुले होती, त्याच्याबरोबर खेळणारी होती. त्यांना सांगितले गेले की हे दुःख तुमचे नाही. शाळेने न बोलता त्यांना मारणाऱ्याच्या पंगतीत बसवले. आपल्या गावांत मयताला खांदा द्यायला येणाऱ्याला कोणी धर्म विचारत नाही. कब्रस्तानापर्यंत हिंदू शेजारी चालत येतात, मूठभर माती टाकतात आणि चूपचाप परततात. वर्षभराच्या भाषणांनी जे साधत नाही ते त्या अर्ध्या तासात साधलेले असते. बर्नेजमध्ये ती संधी होती.

पुढच्या काही महिन्यांत शाळा दुभंगत गेली. 1987 च्या मार्चमध्ये मुलांचे गट वर्णाच्या रेषेवरच एकमेकांना भिडले. महापालिकेने चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष इयान मॅक्डोनल्ड हे गोरे बॅरिस्टर, स्थलांतरितांच्या कायद्यातले नाणावलेले वकील. त्यांच्याबरोबर रीना भवनानी, लिली खान आणि गस जॉन. चौघेही वंशवादाविरुद्धच्या कामात हयात घालवलेले. हे लक्षात ठेवायला हवे, कारण पुढे त्यांच्याच अहवालाचा दगड करून तो त्यांच्याच चळवळीवर भिरकावण्यात आला.

समितीने शिक्षकांचे, पालकांचे आणि मुख्य म्हणजे मुलांचे ऐकले. हा खून वांशिक होता का, या प्रश्नाला तिने बगल दिली नाही. हो, तो वांशिक होता, असे तिने स्पष्ट लिहिले. शाळेत आणि शहरात वंशवाद खोलवर आहे आणि त्याच्याशी लढणे हे शाळेचे गाभ्याचे काम आहे, हेही लिहिले. आणि मग ज्या धोरणाने हे काम करायचे होते त्याची तिने निर्दयपणे झडती घेतली.

समितीचे म्हणणे थोडक्यात असे. बर्नेजमध्ये वंशवादविरोध ही प्रतीकांची आणि उपदेशाची बाब झाली होती, पोथी झाली होती. या पोथीत दोनच पात्रे. गोरा तो वंशवादी, काळा तो बळी. (त्या काळी इंग्लंडातल्या चळवळीत 'काळे' हा शब्द आशियाई आणि आफ्रिकी-कॅरिबियन दोघांसाठी राजकीय अर्थाने वापरत.) गरिबी, बेकारी, मुलगा असण्याचा माज, वय, अंगाची ताकद, या कशालाही त्या पोथीत जागा नव्हती. महापालिकेच्या चाळीतला, बाप बेकार असलेला गोरा मुलगा शाळेत येई तेव्हा त्याला कळे की तो सत्ताधारी जातीचा आहे. त्याच्या हाती सत्ता म्हणून काय होते? तो एकतर गोंधळे किंवा चिडे. गोऱ्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना या कामात बरोबर घेतलेच गेले नाही. त्यांना आरोपी म्हणून बाजूला उभे केले. आणि दुसरीकडे आशियाई मुलाचे तरी काय झाले? तोही बळी या नावाने ओळखला जाऊ लागला. अहमदसारखा, लहानांच्या बाजूने उभा राहणारा मुलगा त्या चौकटीत बसतच नव्हता.

इथे समितीने फार नाजूक तोल सांभाळला आहे. वंशवादविरोधी धोरणामुळे खून झाला असे तिने कुठेही म्हटले नाही. तसा पुरावा नाही असेच म्हटले. उलट, शाळेचे हे काम इतके महत्त्वाचे आहे म्हणूनच त्याची पोकळ नक्कल आम्हाला मान्य नाही, असा तिचा सूर आहे. बरोबर घेतल्याशिवाय बदल होत नाही, आणि बरोबर घेण्यासाठी समोरच्या पोराला आधी पोर म्हणून पाहावे लागते.

1988 साली अहवाल महापालिकेच्या हाती आला. महापालिकेने तो पूर्ण छापायला नकार दिला. बदनामीचे दावे होतील ही सबब होती. चौकशी तिनेच नेमलेली, अहवालात टीका तिच्याच शिक्षण खात्याच्या कारभारावर आणि तिच्याच शाळेवर. मग जे व्हायचे तेच झाले. निष्कर्षांचे तुकडे बाहेर आले आणि काही मोठ्या वृत्तपत्रांनी मथळे केले की वंशवादविरोधाच्या खुळाने एका मुलाचा बळी घेतला. ज्यांनी आयुष्यात कधी आशियाई मुलाच्या सुरक्षिततेची चिंता केली नव्हती त्यांना अहमद अचानक कामाचा वाटू लागला. समितीच्या चौघांनी जाहीरपणे सांगितले की आमच्या तोंडी हे घालू नका. पण संपूर्ण अहवाल लोकांपुढे नव्हता, तेव्हा त्यांचे ऐकणार कोण? शेवटी 1989 साली लाँगसाइट प्रेसने तो ग्रंथरूपाने काढला. 'मर्डर इन द प्लेग्राउंड' हे त्याचे नाव. तोवर मथळे वाचणाऱ्यांची मते पक्की होऊन गेली होती.

आम्हाला या प्रकरणात दोषाचा वाटा सारखा करायचा नाही. मथळे करणाऱ्यांनी खोटे पसरवले. महापालिकेने खरे दडवले. यांतला दुसरा अपराध आम्हाला अधिक टोचतो, कारण तो आपल्या बाजूच्या माणसांचा आहे. आपल्यातले दोष उघड केले तर विरोधकांना हत्यार मिळेल, ही भीती अल्पसंख्याकांच्या आणि त्यांच्या हितचिंतकांच्या मनात कायम असते. मराठी मुसलमानांत तरी ती किती वेळा ऐकली आहे! समाजसुधारणेवर लिहा, मदरशांवर लिहा, आपल्याच शिक्षणसंस्थांच्या कारभारावर लिहा. कोणीतरी ज्येष्ठ गृहस्थ खांद्यावर हात ठेवून सांगतातच की, 'भाई, बात तो सही है, मगर ये वक्त नहीं.' बर्नेजच्या बाबतीत ते वक्त नाही म्हणून अहवाल कपाटात ठेवला, आणि हत्यार विरोधकांना मिळायचे ते मिळालेच. फक्त ते अर्धे, मोडके आणि म्हणून अधिक धारदार मिळाले.

दुसरीही एक गोष्ट आम्हाला छळते. बर्नेजची शाळा दुभंगली तरी ती एकत्र होती. त्या मैदानात निदान सगळे होते. 1992-93 नंतर मुंबईतल्या किती कुटुंबांनी मिश्र वस्ती सोडून मुंब्र्याची वाट धरली हे आपण पाहिले. तिथे वाढलेल्या मुलाला वर्गात शिवी देणारा कोणी भेटत नाही, हे खरे. शिवी देणाऱ्याला अडवणाराही दुसऱ्या समाजातला कोणी भेटत नाही. भीतीपोटी केलेल्या या निवडीला आम्ही नावे ठेवणार नाही. ज्याच्या घरावर दगड पडला त्याला उपदेश कोणी करावा? पण तिची किंमत मुलांनी मोजली आहे, आणि ती दोन्हीकडच्या मुलांनी मोजली आहे.

अहवालाचे पुढे काय झाले? त्याच 1988 साली सरकारने नवा शिक्षण कायदा केला. देशभर एकच अभ्यासक्रम आला, शाळांचा पैसा शाळांच्या हाती गेला, महापालिकांचे अधिकार घटले. वंशवादाविरुद्ध शाळांनी काय करावे हा विषय काही वर्षे मागे सारला गेला. 1993 साली लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या तरुणाचा बसथांब्याजवळ खून झाला. त्याच्या आईबापांनी चिवटपणे लढा दिल्यावर 1999 साली मॅक्फर्सन अहवाल आला आणि त्याने शाळांतल्या वांशिक घटनांची नोंद ठेवण्याची शिफारस केली. त्या चौकशीत स्टीफनबरोबर त्या रात्री असलेल्या मित्राची बाजू मांडायला इयान मॅक्डोनल्डच उभे होते. 2019 साली ते वारले.

अहमदच्या आईने मुलाच्या मृत्यूनंतर सिल्हेटमध्ये त्याच्या नावाने एक माध्यमिक शाळा उभी केली. जी शाळा मुलाला सांभाळू शकली नाही तिच्यावर राग धरून बसण्याचा तिला पूर्ण हक्क होता. तिने दुसरी शाळा काढली. याहून जास्त आम्ही त्यावर लिहू शकत नाही.

बर्नेजची शाळा आजही चालू आहे. मध्यंतरी तिला माध्यमकलांच्या विशेष शाळेचा दर्जा मिळाला, नाव बदलले. पुढे इंग्लंडातल्या अनेक शाळांप्रमाणे ती महापालिकेच्या व्यवस्थेतून बाहेर पडून 'अकॅडमी' झाली. शाळा अजून मुलांचीच आहे. तिथली बहुसंख्य मुले आता अल्पसंख्याक समाजांतली आहेत, आणि त्यांत पाकिस्तानी मूळ असलेल्या घरांतली सर्वांत जास्त. 1986 मध्ये जे मैदानात थोडे होते ते आता पुष्कळ आहेत. गोरी कुटुंबे कुठे गेली, का गेली, हा वेगळ्या लेखाचा विषय होईल; मुंब्र्याचा प्रश्न उलट बाजूने बघावा तसा.

आणि 1999 साली मँचेस्टर विद्यापीठात प्राध्यापक लुई कुश्निक यांनी वंशसंबंधांवरचे एक संग्रहालय सुरू केले. पुस्तके, पत्रके, चळवळींचे कागद, सामान्य माणसांच्या तोंडी आठवणींच्या ध्वनिफिती, असा त्याचा पसारा आहे. त्याला अहमद इक्बाल उल्लाहचे नाव दिले आहे. 2014 पासून हा संग्रह मँचेस्टरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात आहे. 1934 साली उघडलेली ती गोल, खांबांची इमारत बर्नेजच्या शाळेहून दोनच वर्षांनी धाकटी, आणि महापालिकेच्या मालकीची. 1988 साली जो अहवाल महापालिकेने छापला नाही, तो आता तिच्याच ग्रंथालयात, त्या मुलाच्या नावाच्या पाटीखाली, कोणालाही मागून वाचता येतो.